हौसेचा नीलम

मुंबईला माणसं नोकरीसाठी जातात, इलाजासाठी जातात, काही नुसता समुद्र बघायला जातात. मी आणि माझी थोरली बहीण अक्का गेल्या महिन्यात चार दिवस जाऊन आलो ते एका अंगठीसाठी. कराडात सोनार नाहीत असं कुणी समजू नये. आमच्या एकाच गल्लीत अकरा आहेत आणि त्यातला एक तर घरचाच म्हणावा असा, तीन पिढ्यांचा. त्याच्याच गादीवर बसून अक्काने रुमालाची गाठ सोडली, मंगळसूत्राच्या दोन वाट्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, याची अंगठी करायची, निळा खडा बसवून.

दाजींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सोनाराने वाट्यांना बोटही लावलं नाही. आमच्यासाठी चहा मागवला, पंखा एका आकड्याने वाढवला आणि तराजूकडे बघत म्हणाला, "ताई, एकदा घरात विचारून या."

अक्का बासष्ट वर्षांची आहे. पोस्टाच्या खिडकीत तेहतीस वर्षं बसून निवृत्त झालेली. मूलबाळ नाही, एकटी राहते. घरात मी आणि एक मांजर, मांजराची काही हरकत दिसत नाही, असं त्याला सांगून ती चहा न घेता उठली. मी घेतला. मागवलेला चहा सोडून उठणं मला कधी जमलं नाही.

विचारायचं कुणाला हे सोनारालाही ठाऊक होतं आणि मलाही. अक्काचे धाकटे दीर नाना दादरला राहतात. दाजींच्या मागे सासरचं वडीलपण त्यांच्याकडे आलं आणि ऊन असो नसो, ते ही छत्री उघडून धरतात. त्यांचं म्हणणं, नवऱ्यामागे वाट्या कपाटात पडून राहणं बरं नव्हे; कुलदेवीचा नवा हार होतोय, त्यात त्या घालाव्यात. रविवारी त्यांच्या मुलीचा, पूर्वाचा, साखरपुडा होता. येताना वाट्या घेऊन या, असा त्यांचा फोन आला. अक्का "बघते" म्हणाली. नानांनी तो होकार धरला. मीही धरला असता.

अक्काने मात्र पोस्टातल्या एका जुन्या मैत्रिणीच्या कानातली चांदीची फुलं बघून ठेवली होती. हाताने घडवलेली, डावं फूल उजव्यासारखं नव्हतं आणि तेच बरं दिसत होतं. ती लालबागच्या एका मुलीने केली होती. नंबर मिळाला, बोलणं झालं, गाडीची तिकिटं निघाली. माझ्या बायकोने मला सोबत पाठवताना एकच सूचना दिली. पिशव्या उचला, पण मध्ये बोलू नका. पिशव्या मी उचलल्या.

गुरुवार, गिरगाव

मुक्काम मावसभाऊ अरुणकडे. गिरगावातली चाळ, तिसरा मजला, लांबलचक गॅलरी आणि सगळ्यांची दारं सताड उघडी. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग प्रवास कसा झाला विचारतात, मग जेवायचं बघतात. इथे सुलूवहिनींनी, म्हणजे अरुणच्या बायकोने, पिशव्या खाली टेकायच्या आत ताट मांडलं. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. अरुण कामावर गेला होता, अक्का न्हाणीत होती. तिसऱ्या आंबोळीला प्रश्न आला, अंगठी कशासाठी करताय?

खरं उत्तर सोपं होतं. अक्काला हवी म्हणून. पण माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. तीस वर्षं गिऱ्हाइकाला पटेल ते कारण पुढे करत आलोय. न लिहिणाऱ्या पेनालाही माझ्याकडे कारण असतं. मी म्हणालो, "बीपी आहे ना तिला. ज्योतिषाने नीलम सांगितलाय."

वहिनींच्या कपाळावरची आठी गेली. मग तर घालायलाच हवा, म्हणत त्यांनी चौथी आंबोळी माझ्या ताटात टाकली. अक्का डोकं पुसत बाहेर आली तोवर गॅलरीतल्या दोन शेजारणी तिच्या बीपीची चौकशी करायला दारात उभ्या होत्या. एकीने तर लसणाची पाकळीसुद्धा आणली होती. अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी उसळीत वाटाणे शोधत राहिलो.

दुपारी खडा घ्यायला निघालो. मुंबादेवीच्या बाजूच्या गल्ल्यांत एक जिना चढून गेलं की एक खोली, खोलीत पांढरी गादी, आणि गादीवर कागदाच्या पुड्यांत बांधलेले खडे. मला वाटलं होतं काचेच्या कपाटांत दिवे लावून मांडलेले असतील. आमच्याकडे अशा पुड्यांत हिंग मिळतो.

खडेवाले गृहस्थ गुजराती, पण मराठी झकास. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, रास कोणती?

"रास कशाला?" अक्का म्हणाली. "दगडाचं लग्न जमवायचंय का?"

ते हसले, मग गंभीर झाले. "बेन, नीलम कोणी शौक म्हणून नाय घेत. शनीचा दगड आहे. एका रात्रीत राजा करतो, एका रात्रीत भिकारी."

"मी पेन्शनर आहे. दोन्हीतलं काही करायचं तर त्याला आधी सरकारला विचारावं लागेल."

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पुड्या सोडायला घेतल्या. मला राहवेना म्हणून मी मध्ये पडलो. एक खडा आरपार स्वच्छ होता, तळ्याच्या पाण्यासारखा. तो उचलून मी म्हणालो, हा घे. बाकीच्यांत काहीतरी रेषाबिषा दिसतात. खडेवाल्यांनी माझ्या हातातून तो हळूच काढून घेतला. म्हणाले, शेठ, हा कारखान्यातला, नमुना दाखवायला ठेवलाय. जमिनीतून आलेल्या दगडात काही ना काही असतंच. पुढचा अर्धा तास मी फक्त पंख्याकडे पाहिलं.

अक्काने घेतला तो तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, गोकर्णीच्या फुलावर संध्याकाळ पडावी तसा गडद, आणि आत एक पांढरट तंतू.  निवडताना तिने तो उजेडात धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. पोस्टात संशयाची नोट ती अशीच बघायची. जिना उतरताना खडेवाल्यांनी मला मागे थांबवून सांगितलं की तीन रात्री उशीखाली ठेवा, वाईट स्वप्नं पडली तर परत आणा, मी घेईन. शब्दाचा माणूस होता. चूक माझीच, की हे मी घरी येऊन सुलूवहिनींना सांगितलं.

शुक्रवार, गिरगाव ते लालबाग

तीन रात्री आपल्याकडे नाहीत, पण एक तरी ठेवूच, असं वहिनींचं म्हणणं पडलं. अक्का ऐकणार नव्हती, म्हणून तिला सांगायचं नाही असं ठरलं. खड्याची पुडी ती झोपल्यावर तिच्या उशीखाली मी सरकवली. सकाळी तिच्या आधी उठून ती काढायची, इतकं साधं काम होतं. मी उठलो तेव्हा अक्का गॅलरीत उभी राहून उशी झटकत होती.

पुडी उडाली, वाऱ्यात कागद सुटला आणि निळा ठिपका तीन मजले खाली चौकात गेला. अक्काला तो दिसला. आपल्या उशीतून नीलम कसा पडला हे तिने एका क्षणात ओळखलं असणार, कारण तिने खाली न बघता आधी माझ्याकडे पाहिलं.

मग सगळी चाळ चौकात. कुणी खराटा आणला, कुणी विजेरी आणली, एक आजोबा चाळणी घेऊन आले. नळाखालच्या ओल्या फरशीवर तो पाण्याच्या थेंबासारखा पडला होता. दिसला सगळ्यांना. पण दहा-बारा माणसं त्याच्याभोवती कडं करून उभी, हात लावायला एकही तयार नाही. दुसऱ्याचा नीलम, अंगाला लागला तर? खराटावाल्या बाईंनी तर खराटा पाठीमागे लपवला. कराडात एवढी किमती वस्तू रस्त्यात पडली तर तिच्यावर आधी पाय पडतो आणि मग रुमाल. इथे ती दिवसभर राहिली असती.

अक्का जिना उतरून आली, वाकली, खडा उचलला, नळाखाली धुतला आणि पदराने पुसला.

"उशीत दगड घालतात का रे बंडू? मान आखडली माझी," ती म्हणाली. चौकातली माणसं हसली आणि पांगली. मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि मला अजून चारचौघांत बंडू म्हणतात. त्या दिवशी काही तक्रार करावी अशी माझी परिस्थिती नव्हती.

अकराच्या सुमाराला लालबागला पोचलो. मसाला कुटणाऱ्यांच्या दुकानांसमोरून जाताना मला बारा शिंका आल्या. पुढे गिरणीकामगारांची जुनी चाळ, तळमजल्याची खोली, आणि दारात चपला काढत असतानाच आतून हुकूम आला, की मोबाईल बाजूला ठेवा, इथे जमिनीवर सोनं असतं.

ही प्रज्ञा. वय असेल बत्तीस-तेहतीस, जीन्स, कोपरापर्यंत दुमडलेला सदरा, कपाळावर चढवलेलं भिंग. आमचा सोनार गादीवर बसतो आणि काम आतल्या खोलीत कुणीतरी करतं. इथे गादीच नव्हती. एक जाड लाकडी टेबल, त्याला समोर अर्धगोल खाच, खाचेखाली टांगलेली चामड्याची झोळी; कानस मारताना उडालेला सोन्याचा चुरा तीत पडावा म्हणून. एवढ्या नीटनेटक्या काटकसरीचं मला दुकानदार म्हणून कौतुक वाटलं. भिंतीवर निळ्या चौकटीत बुद्धाची तसबीर, खाली खाटेवर प्रज्ञाची आई, बोंबील साफ करत बसलेली.

प्रज्ञाने शिक्षण घेतलं तेव्हा दागिने घडवणाऱ्यांच्या कारखान्यांत तिला कुणी टेबल दिलं नाही. एकाने सांगितलं, तू काउंटरला बस, गिऱ्हाइकांना मुली आवडतात. तिने वडिलांच्या गिरणीतून आलेल्या जुन्या लाकडाचं हे टेबल करून घेतलं आणि याच खोलीत बसली. हे तिने असं सांगितलं, जशी आपण बसचा नंबर सांगतो.

तिने खडा भिंगाखाली धरला. तीन मजल्यांवरून पडल्याचं मी कबूल केलं. काय नाय झालं, म्हणाली, दगड आहे तो. मग अक्काला भिंग देऊन आतला तंतू दाखवला. "ही रेष बघून ठेवा, काकी. मी दगड बदलला तर तुम्हाला कळेल." माझ्या स्वच्छ खड्यात असं काही ओळखता आलं नसतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

पुढचा प्रश्न काय येणार हे मला माहीत होतं, म्हणून मीच आधी सुरुवात केली. म्हणालो, तिच्या यजमानांची आठवण म्हणून करतोय. गिरगावात बीपी चाललं होतं. इथे माणसं शिकलेली दिसत होती, म्हणून जरा हळवं कारण काढलं. एवढ्यावर थांबायचं नाही म्हणून मी पुढे वाकून हळूच असंही सांगितलं, की मधल्या बोटाची करा आणि खाली उघडी ठेवा, खडा कातडीला लागला पाहिजे. ही सुलूवहिनींची सूचना होती.

प्रज्ञाने मान वळवली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काकी, तुमचा भाऊ मधलं बोट म्हणतोय. तुम्ही कुठलं म्हणताय?"

"उजव्या हाताचं पहिलं," अक्का म्हणाली. "माणूस बोट दाखवतो ते."

"आणि आठवण वगैरे?"

"आठवणीला अंगठी लागत नाही. मला निळा खडा घालायचा आहे. लहानपणापासून. आधी परवडत नव्हता, मग चालत नव्हता."

"मला कारण नको हो," प्रज्ञा म्हणाली. "माप द्या."

खाटेवरून तिच्या आईने विचारलं, की नीलम म्हणजे तो शनीचा ना, लोक घाबरतात तो? मग स्वतःच मान हलवली. "आमच्यात निळा म्हणजे झेंडा गो ताई. निळ्याला घाबरून आम्हाला कसं चालेल?"

सोनं वितळवायच्या आधी प्रज्ञाने अक्काला विचारलं, नक्की? थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. ही तिची पद्धत. जुना दागिना मोडताना ती दोनदा विचारते आणि मोडते मालकाच्या डोळ्यांसमोर. दुसऱ्यांदा विचारल्यावर अक्काने वाट्या हातात घेतल्या. एक माहेरची, एक सासरची. लग्नात आमच्या आईने केलेली एक, आणि नानांच्या आईने केलेली दुसरी. मला वाटलं, आता ती माघार घेईल. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. रविवारचं दादर माझ्या डोळ्यांसमोर होतं. अक्काने वाट्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

आत भरलेली लाख आधी जाळून काढावी लागते. ज्योत लागल्याबरोबर काळा धूर आला आणि खोलीभर वास पसरला. अक्काने नाक वर केलं. हा तर पार्सलं सील करायच्या लाखेचा वास, म्हणाली, तेहतीस वर्षं घेतलाय. गळ्यातही तीच होती हे माहीत नव्हतं. मग सोनं वितळवायची मूस, चिमूटभर टाकणखार, निळी ज्योत. वाट्यांच्या कडा बसल्या, मध्ये जरा चमक आली, आणि एकाएकी दोन्हींची मिळून एक गोळी झाली. मुशीत ती घोळत होती.

"यात माहेर कुठलं आणि सासर कुठलं, सांग बघू आता," अक्का म्हणाली. प्रश्न मला होता. मी मुशीत आणखी वाकून पाहिलं.

शनिवार, लालबाग-परळ

घाई करून प्रज्ञाने अंगठी शनिवारी दुपारी द्यायचं कबूल केलं होतं. सुलूवहिनी म्हणाल्या, बघा, शनिवारच आला की नाही? त्यांना आता कशानेही दुजोराच मिळत होता.

आम्ही लवकर पोचलो, तर प्रज्ञाने हात न थांबवता बसा म्हटलं. त्या गोळीची आधी कांडी झाली होती. मग पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून ओढून तार. दोन तारा एकमेकींत पिळून तिने कडं वळवलं होतं. वर खड्याचं कोंदण. ते करताना तिने खडा बसवायचा, बघायचा, काढायचा, कानस एकदा फिरवायची, पुन्हा बसवायचा, असं इतक्यांदा केलं की मी मोजणं सोडलं. आमच्याकडच्या दुकानात अंगठ्या मखमलीच्या पट्टीवर शंभर असतात. आपण बोट घालून बघायचं, बसली तर आपली. इथे अंगठी एक आणि तिला बोट एकच माहीत. कोंदणाची कड शेवटी खड्यावर दाबताना प्रज्ञाने श्वास धरला. मीही धरला. मी जरा जास्त वेळ धरला.

तिच्या आईने आम्हाला उपाशी सोडलं नाही. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, वर कांदा. आम्ही घाटावरची माणसं, मटण दिसलं की बाह्या सावरतो, पण माशापुढे आमची अक्कल चालत नाही. मी काटा काढायला गेलो तर बोंबीलच विरघळला. प्रज्ञाच्या आईला एवढं हसू आलं, की तिने शेजारणीला बोलावून मला परत खायला लावलं.

अंगठी अक्काच्या बोटात बसली. पिळाची तार, वर गडद निळा, कुठे फूलपान नाही. तिने हात लांब धरून पाहिला. मग पोस्टातल्या सवयीने त्याच बोटाने टेबलावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाली, "ठीक."

परळच्या बाजूने चालत येताना मी तिला समजावलं. उद्याचा एक दिवस पर्समध्ये ठेव, पूर्वाचं कार्य आहे, नंतर आयुष्यभर घाल. ती चालत राहिली. एका वळणावर थांबून म्हणाली, आज काढली तर रोज काढावी लागेल. मग उसाच्या रसाची गाडी दिसली आणि विषय संपला.

रविवार, दादर

हॉल झेंडूने आणि नातेवाइकांनी भरलेला. मी मनातल्या मनात उत्तरं पाठ करत होतो, पण माझी गरजच पडली नाही. अरुणकडेही आमंत्रण होतं आणि सुलूवहिनी आमच्या आधी पोचल्या होत्या. बायकांच्या खुर्च्यांत अक्काचा हात दिसायचा अवकाश, की त्या सांगायच्या, शनीचा आहे हो, बीपीसाठी, ज्योतिषाने सांगितलाय. आणि काय आश्चर्य, भुवया खाली यायच्या. औषधासारखंच की मग, असं एक मावशी म्हणाली. दुसरीने ज्योतिषाचा पत्ता मागितला. माझं खोटं चांगलं चाललं होतं. तीस वर्षांच्या धंद्यात एवढा खपलेला माल मला आठवत नाही. अक्काला हे ऐकू येत नाही, असं मी धरून चाललो होतो. ती पूर्वाच्या साडीच्या निऱ्या नीट करत होती.

अंगठ्यांची अदलाबदल झाली, टाळ्या झाल्या, ओटी भरायला सवाशिणींना बोलावलं. अक्का खुर्चीत बसून राहिली. तिला बोलावणार नव्हते, हे तिलाही माहीत होतं आणि बोलावणाऱ्यांनाही. मग नाना आले. नवं जाकीट, हातात अत्तरदाणी. त्यांनी अंगठी पाहिली आणि समजूतदारपणे मान हलवली. त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"औषधाला कोण नाही म्हणेल, वहिनी," ते म्हणाले. "तब्येतीला जपा. बरं, त्या वाट्या आणल्यात ना? देवीच्या हाराचं काम लावायचंय."

अक्काने उजवा हात पुढे केला. "या काय."

नानांना कळायला थोडा वेळ लागला. आजूबाजूच्या चार खुर्च्यांना आधी कळलं. अत्तरदाणी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तरी नाना वाईट माणूस नव्हेत. चारचौघांत वाद नको म्हणून त्यांनी स्वतःच वाट काढली. "हां, म्हणजे आजारासाठी मोडाव्या लागल्या. नाइलाज झाला. देवी समजून घेईल."

एवढ्यावर मिटलं असतं. मी अक्काच्या पाठीला हळूच कोपर लावलं, की हो म्हण.

"मला बीपी नाही, नाना," अक्का म्हणाली. "बंडूला आहे. ज्योतिषाकडे मी कधी गेलेली नाही आणि शनीचं माझं काही भांडण नाही. निळा खडा मला आवडतो. सोनं माझं होतं. अंगठी करून घेतली."

सुलूवहिनींनी माझ्याकडे जे पाहिलं, ते वर्णन करण्याचं धाडस माझ्यात नाही. त्यानंतर मला गिरगावात आंबोळी मिळालेली नाही.

"दादा असता तर..." नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. खरंच दुखावलेला होता.

"ते असते तर वाट्या गळ्यात असत्या," अक्का म्हणाली. "चार वर्षं त्या कपाटात होत्या, तेव्हा कुणी विचारलं नाही. आता बोटात आहेत तर सगळे विचारताहेत."

नाना वळून गेले. नंतर पंगत झाली. मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी. आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मी मसालेभात नुसता चिवडत राहिलो. अक्काने दुसऱ्यांदा जिलबी मागून घेतली. वाढणाऱ्याने दोन वाढल्या. पूर्वा नव्या अंगठीचा हात सांभाळत सगळ्या पानांवर फिरत होती, ती आमच्याकडेही आली, अक्काशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि काकू, बघू, म्हणाली. दोघींनी हात शेजारी शेजारी धरले. मुलाकडच्यांनी दिलेली हिऱ्याची तिची होती, ती लखलखत होती. अक्काची लखलखत नव्हती. पूर्वाने दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं. मग नानांनी हाक मारली आणि ती उठून गेली.

निरोप घ्यायला गेलो तेव्हा नाना मुलाकडच्यांशी बोलत होते. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. त्यांचं बोलणं संपत नव्हतं. आम्ही निघालो.

कराड

पंधरा दिवस दादरहून काही नाही. इथे मात्र आमच्या सोनाराने अंगठी पाहिली. अक्का भाजी घ्यायला म्हणून त्याच्या दुकानावरूनच गेली. मंडई उलट्या दिशेला आहे. त्याने ती भिंगाखाली घेतली, फिरवली आणि कुणी केली विचारलं. मुलीने केली म्हटल्यावर त्याला खरं वाटेना.

काल संध्याकाळी मी अक्काकडे बसलो होतो. ती मेथी निवडत होती. नानांचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. घरातल्या बायकांना काही सांगायचं असलं की आमच्यात पुरुषाला फोन करतात. नानांनी लग्नाची तारीख सांगितली, पूर्वाने काकू आलीच पाहिजे असा हट्ट धरलाय असं सांगितलं. मग म्हणाले, या तुम्ही सगळे, मानाने या. फक्त ती अंगठी तेवढी घरी ठेवून यायला सांग. दोनशे माणसं असतील. तुझं ऐकेल ती.

माझं तोंड आपोआप उघडलं. "नाना, तसं काय झालंय, तिचं बोट सुजलंय, अंगठी निघतच नाहीये."

अक्काने मेथीची जुडी खाली ठेवली. माझ्याकडे बघत तिने अंगठी सहज बोटातून काढली, मला दाखवली आणि पुन्हा घातली. मग जुडी उचलली.

"निघते, नाना," मी म्हणालो. "पण ती काढणार नाही. आणि मी तिला सांगणार नाही."

 मग त्यांनी विचारलं, "पण का?"

अनेक कारणं जिभेवर आली, एकाहून एक सरस. मी ती सगळी गिळली.

"तिला घालायची आहे," मी म्हणालो.